इंदूरच्या इलेक्ट्रॉन यंत्रातून म्युऑन का काढत नाहीत?

अकोल्याहून अकोट, धुळघाट, खांडवा करत मीटरगेजची गाडी ज्या इंदूरला जायची, तिथेच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' आहे. वऱ्हाडाला सगळ्यात जवळचा मोठा इलेक्ट्रॉन त्वरक हाच. सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या प्रकाशावर प्रयोग होतात.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचाच वजनदार भाऊ. वस्तुमान २०७ पट, सरासरी आयुष्य जेमतेम २.२ मायक्रोसेकंद. तसा तो आकाशातून फुकट बरसतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक. पण तो कुठून आणि किती ऊर्जेने येईल, हे आपल्या हातात नसतं. प्रयोगाला एका दिशेचा, हव्या त्या ऊर्जेचा झोत लागतो.

इलेक्ट्रॉनपासून तो असा मिळतो: वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनसारख्या जड धातूवर आदळवायचे. अणुकेंद्राजवळून वळताना इलेक्ट्रॉन फोटॉन सोडतो. हा फोटॉन पुढच्या एखाद्या अणुकेंद्राजवळ म्युऑन आणि प्रतिम्युऑनची जोडी तयार करू शकतो. त्यासाठी फोटॉनकडे निदान २११ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट हवेत. कर्करोगाच्या उपचारातलं लिनॅकही इलेक्ट्रॉन त्वरकच आहे, पण ते साधारण २० दशलक्षांपर्यंतच जातं. तिथे म्युऑनचा प्रश्नच येत नाही.

इंडस-२ ही मर्यादा आरामात ओलांडतो. मात्र तिथे तेच इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत ठेवायचे असतात. धातूवर आपटले की संपले!

खरी गोम वेगळीच आहे. जोडी तयार होण्याची शक्यता वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २०७ चा वर्ग जवळपास ४३,०००. म्हणजे भरपूर ऊर्जा असली, तरी इलेक्ट्रॉनच्या हजारो जोड्यांमागे म्युऑनची एखादीच. म्हणून फर्मीलॅब किंवा जपानच्या जे-पार्कमध्ये प्रोटॉन वापरतात. त्यांच्या धडकेतून पायॉन निघतात आणि पायॉनचे म्युऑन होतात.

तरी इलेक्ट्रॉनचा मार्ग टाकाऊ नाही. अमेरिकेतल्या स्लॅकमध्ये मार्टिन पर्ल यांच्या गटाने १९६० च्या दशकात असाच झोत बनवून प्रोटॉनवर सोडला. म्युऑन इलेक्ट्रॉनपेक्षा वजनाशिवाय आणखी कशात वेगळा आहे का, हे त्यांना तपासायचं होतं. गाळणीही सोपी: जाड अडथळ्यात बाकीचं बरंचसं जिरतं, म्युऑन पार होतो. मग चुंबकांनी हवी ती ऊर्जा निवडायची.

आता लक्ष आहे व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबवर. तिथे सुमारे ११ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा झोत प्रयोगानंतर एका जाड ठोकळ्यात जिरवतात. त्या ठोकळ्यापलीकडे निघणारे म्युऑन वापरात आणायचा विचार भौतिकशास्त्रज्ञ करत आहेत.