लिनक्सवरील डीफॉल्ट एडिटर कसा बदलावा?

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण तालुके. पावसाळ्यात तेथे वीज जाणे नवे नाही आणि संगणक अडला, तर जाणकार माणूस कल्याण-ठाण्याहून येईपर्यंत काम खोळंबते. अशा ठिकाणी शाळेच्या वा कार्यालयाच्या लिनक्स संगणकावर कोणता टेक्स्ट एडिटर उघडतो, हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही.

कमांड लाइनवर क्रॉनटॅबसारखी कामांच्या वेळापत्रकाची फाइल दुरुस्त करावयाची झाल्यास प्रणाली आपणहून एक एडिटर उघडते. तोच डीफॉल्ट एडिटर. बहुधा तो 'व्हीआय'च्या घराण्यातला किंवा 'नॅनो' असतो. बिल जॉय यांनी 1976 मध्ये बर्कले येथे 'व्हीआय' लिहिला. ब्राम मोलेनार यांचा 'व्हिम' 1991 मध्ये आला. नॅनो 1999 मधला. फेडोरानेही 2020 मध्ये नॅनोलाच पसंती दिली.

व्हिममध्ये मजकूर लिहिण्याआधी 'आय' ही कळ दाबावी लागते. बदल न जतन करता बाहेर पडण्यासाठी एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर असा क्रम आहे. नॅनोमध्ये मुख्य सूचना पडद्याच्या तळाशीच दिसतात.

डेबियन, उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' या प्रणालींवर पुढील मार्ग उपलब्ध आहेत. कमांड अर्थातच रोमन लिपीत टंकित कराव्यात.

1. संपूर्ण संगणकासाठी : 'सुडो अपडेट-अल्टरनेटिव्हज --कॉन्फिग एडिटर' ही कमांड द्यावी. एडिटरांची क्रमवार यादी येते. हवा तो क्रमांक लिहून एंटर दाबावे.

2. केवळ आपल्या खात्यासाठी : होम फोल्डरमधील 'डॉट बॅशआरसी' फाइलच्या शेवटी 'एक्स्पोर्ट व्हिज्युअल=नॅनो' आणि 'एक्स्पोर्ट एडिटर=नॅनो' या ओळी लिहाव्यात. 'व्हिज्युअल' व 'एडिटर' ही नावे कॅपिटल अक्षरांत हवीत. नवे टर्मिनल उघडल्यावर बदल लागू होतो. दोन्हींत वेगवेगळी नावे असल्यास बहुतेक प्रोग्रॅम आधी 'व्हिज्युअल' पाहतात.

3. गिटसाठी : गिटमध्ये 'कोअर.एडिटर' ही स्वतंत्र नोंद केलेली असेल, तर वरील दोन्ही ओळींपेक्षा तीच ग्राह्य धरली जाते.

आता निवडीविषयी. व्हिम काम चालू असताना 200 अक्षरांनंतर किंवा हात 4 सेकंद थांबल्यावर मजकुराची नोंद 'स्वॅप' फाइलमध्ये करतो. वीज गेल्यास 'व्हिम -आर' आणि पुढे फाइलचे नाव अशी कमांड देऊन बराचसा मजकूर परत मिळवता येतो. नॅनोमध्ये वीज अचानक गेल्यास जतन न केलेला मजकूर जातो. म्हणून अनेक नवखे हात एकच संगणक वापरत असतील, तर नॅनो ठेवावा आणि दर थोड्या ओळींनी कंट्रोल-ओ व एंटर दाबण्याची सवय लावावी. यूपीएस नसलेल्या यंत्रावर मोठा मजकूर लिहिणाऱ्याने मात्र व्हिम शिकून घेणे हिताचे. एडिटर कोणताही असो, प्रणालीच्या फाइलला हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत काढून ठेवावी.