दाजीपूरचे जंगल आणि कुत्रा

कोल्हापूर ते फोंडा घाट या रस्त्यावर राधानगरीच्या पुढे दाजीपूरचे जंगल लागते. संस्थानकाळात ही कोल्हापूरच्या छत्रपतींची राखीव शिकारीची रानं होती. तिथे रयतेला शिकारीची मुभा नव्हती. गव्यांचे कळप टिकले ते बऱ्याच अंशी या राखणीमुळे.

त्या काळी शिकारीत सहसा कुत्रा सोबत असायचा. शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) पदरी शिकारी चित्तेही होते. माळावरच्या काळविटांवर ते सोडले जात. गावोगावच्या पारधींत मात्र भरवसा कुत्र्यावर. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात लांब तोंडाचा, खोल छातीचा, पोट आत गेलेला कारवानी कुत्रा पाळला जाई. लांब केसांच्या कारवानीला पश्मी म्हणत. शेजारच्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हीच जात जोपासली आणि ती मुधोळ हाउंड म्हणून प्रसिद्ध झाली. हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर धावतो. त्यामुळे उघड्या माळावर सशामागे त्याला तोड नव्हती. घाटातल्या दाट झाडीत त्या वेगाचा फारसा उपयोग नव्हता.

घाटमाथ्यावरच्या गवळी धनगरांचा कुत्रा वेगळ्या कामाचा. वाड्यावरच्या म्हशी-वासरांजवळ रात्री बिबट्याची चाहूल लागली की भुंकून माणसांना उठवायचे, हे त्याचे काम. बिबट्या अनेकदा त्यालाच उचलून नेई. शिकारीच्या कुत्र्याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात, या राखणदाराची नोंद कुणी घेतली नाही, हे अन्यायाचे आहे.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले. १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य जाहीर झाले. राज्यातले हे पहिले अभयारण्य मानले जाते. १९८५ मध्ये ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले. मधल्या काळात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात शिकारीच्या व्याख्येत नुसते मारणे नाही; पाठलाग करणे, हाकणे आणि तसा प्रयत्नही येतो. म्हणजे सशामागे कुत्रा सोडणे हीसुद्धा शिकारच.

आज अभयारण्यात परवानगी काढून जाता येते, पण पाळीव कुत्रा नेता येत नाही. यामागे पाठलागाइतकेच रोगाचे कारण आहे. कुत्र्यांतला डिस्टेंपर वन्य मांसाहारी प्राण्यांना होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत त्याने सुमारे हजार सिंह दगावले, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी एक तृतीयांश. सह्याद्रीत फिरणारा कोळसुंदा हा रानकुत्रा तर कुत्र्याच्याच कुळातला आणि जगभर संकटग्रस्त ठरलेला. कळप करून राहणाऱ्या या प्राण्यात एकाला लागण झाली तर ती सर्वांपर्यंत पोचू शकते. बाहेरून निरोगी दिसणारा कुत्राही विषाणू घेऊन येऊ शकतो, म्हणून दोरीला बांधून नेण्याची सवलत इथे पुरेशी नाही. अभयारण्याभोवतीच्या पाच किलोमीटरमधल्या गुरांना लस देण्याची तरतूद कायद्यात १९९१ पासून आहे. वाड्या-वस्त्यांवरच्या कुत्र्यांचेही तितक्याच काटेकोरपणे लसीकरण व्हायला हवे, कारण पर्यटकाचा कुत्रा फाटकावर अडवता येतो, वाड्यावरचा कुत्रा मात्र मुळातच रानाच्या कडेला राहतो.