टेपनं मोजलेला टीव्ही

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. अम्मीच्या खोलीतला जुना टीव्ही बंद पडला, म्हणून मी आणि माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, सोलापूरला नवीन टीव्ही बघायला गेलो. दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालायचे आणि बारा हजारांच्या वर जायचं नाही, असं एसटीतच ठरलं होतं. दुकानातल्या पोरानं बत्तीस इंची टीव्ही दाखवला. आपानं पर्समधून शिंप्याची टेप काढली आणि काचेच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी धरली. पोरगं हसायला लागलं. मला मात्र हसू आलं नाही. ती टेप आमच्या अब्बांची होती आणि टीव्ही मोजायची तिची ही दुसरी खेप होती.

दूरचित्रवाणी आपल्या देशात आली ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, प्रयोग म्हणून. मुंबईला यायला तिला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. तेव्हा ती आकाशवाणीचंच एक अंग होती. १ एप्रिल १९७६ रोजी वेगळी चूल झाली आणि तिचं नाव दूरदर्शन पडलं. त्या काळात टीव्ही विकत घेताना निवडीचा प्रश्न फारसा नसायचाच. हैदराबादच्या सरकारी कारखान्यातला ईसी, नाहीतर क्राउन, वेस्टन, टेलिव्हिस्टा अशी दहापाच नावं. लाकडी पेटी, तिला सरकती दारं, दारांना कुलूप. रेडिओसारखाच टीव्हीलाही पोस्टातून परवाना काढावा लागे. माझे चाचा मुंबईला मदनपुऱ्यात राहायचे. त्यांच्या चाळीत एका घरी असा टीव्ही होता. ते गावाकडं आले की त्या पेटीचं असं वर्णन करायचे, जणू एखाद्या नवरीचा रुखवत सांगताहेत.

आमच्या गावापर्यंत चित्र पोचायला ऐंशीचं दशक लागलं. १९८२ मध्ये दोन गोष्टी झाल्या. १५ ऑगस्टपासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर दिसू लागला आणि नोव्हेंबरमध्ये एशियाड खेळ रंगीत दिसले. त्यासाठी सरकारनं आयातीचे नियम सैल केले, रंगीत टीव्हीचे सुटे भाग बाहेरून येऊ लागले आणि इथं जुळणी करणारे कारखाने निघाले. ओनिडा तेव्हाचाच. पुढं आपल्या औरंगाबादेतून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातून, व्हिडिओकॉन आला. पण टीव्ही घेऊन करायचं काय, गावात काही दिसायला तर हवं! ती सोय १९८४ मध्ये झाली. त्या वर्षी काही महिने देशात रोज सरासरी एक नवा छोटा प्रक्षेपक उभा राहत होता. इतक्या झपाट्यानं आपल्याकडं दुसरं कुठलं सरकारी काम झालेलं मला तरी आठवत नाही.

या प्रक्षेपकांची ताकद बेताची, साधारण पंचवीस किलोमीटर. आमचं तालुक्याचं गाव सोलापूरपासून त्याहून थोडं लांब. म्हणजे चित्र दारापर्यंत यायचं, पण उंबरा ओलांडायचं नाही. ते आत आणायचं तर उंच लोखंडी पाइप, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना आणि एक बूस्टर लागे. टीव्हीच्या किमतीत हा खर्च कुणी धरत नसे आणि घरी आल्यावर कपाळाला हात लावत असे.

२५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ सुरू झालं. आम्ही ते शेजारच्या काकूंकडं बघायचो. काकू टीव्हीला हार घालायच्या. चपला बाहेर काढून आम्ही भावंडं पहिल्या रांगेत बसायचो. काकूंनी कधी वेगळेपणा दाखवला नाही, उलट शेवटी हातावर खडीसाखर पडायची. पण सतरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या घरी जमिनीवर बसून टीव्ही बघणं टोचतं. मी अब्बांच्या मागं लागलो.

अब्बा शिंपी होते. त्या वर्षी ईद मेअखेरीस होती आणि लगेच जूनमध्ये शाळांचे गणवेश. दोन्ही हंगाम लागून आल्यानं ते रात्र रात्र मशीनवर होते. जूनच्या शेवटी त्यांनी ट्रंकेतला डबा काढून पैसे मोजले. छत्तीसशे रुपये. वीस इंची, ब्लॅक अँड व्हाइट, सरकत्या दारांचा टीव्ही त्यात बसत होता. रंगीत तर आमच्या स्वप्नातही नव्हता, त्याची किंमत तिपटीच्या घरात जायची. मी मित्रांना ‘वीस इंची’ सांगूनही टाकलं.

त्याच महिन्यात आपाचा बारावीचा निकाल लागला आणि पुढं तिला सोलापूरला डीएडला प्रवेश मिळाला. फी, खानावळ, पुस्तकं, दोन पांढऱ्या साड्या. अब्बांनी पाटीवर आकडे मांडले आणि बाराशे रुपये बाजूला ठेवले. मग मला म्हणाले, “टीव्ही आयेगा. छोटा आयेगा.” मी आठ दिवस घरात कुणाशी बोललो नाही. बोललो तेव्हा आपाला म्हणालो, “तुझ्यामुळं झालं हे. मास्तरीण होऊन तू काय दिवे लावणार?” ती काहीच बोलली नाही. काजं करायला घेतलेला शर्ट तिनं खाली ठेवला आणि आत गेली.

पुढच्या रविवारी अब्बा मला घेऊन सोलापूरला गेले. त्या वेळी चौदा इंची टीव्ही बनवणारे छोटे छोटे कारखाने पुष्कळ झाले होते. वरचं नाव वेगळं, आतला माल जवळपास सारखा. किंमत मुख्यतः पिक्चर ट्यूबची. दुकानदार नावं सांगत होता आणि अब्बा ट्यूब कुठली एवढंच विचारत होते. मग त्यांनी गळ्यातली टेप काढून काच तिरकी मोजली. तेरा इंच आणि दोन सूत भरली. “चौदा कुठंय?” दुकानदार म्हणाला, चाचा, ट्यूबची कड पेटीच्या आत जाते. त्याचं खरं होतं, त्या नळीच्या टीव्हीत तसंच असायचं. पण अब्बांनी तेवढ्यावर पंचवीस रुपये कमी करून घेतले. कापडात शिलाईला गेलेलं कुणी गिऱ्हाइकाच्या मापात धरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुढचे सगळे रविवार मी कौलावर. खालून अम्मी ओरडायची, “आलं... गेलं... आता माणसं दोन दोन दिसताहेत!” कावळा बसला की अँटेना फिरायची. काचेवर लावायची एक प्लास्टिकची पट्टी मिळायची, वर निळी, मध्ये पिवळसर, खाली हिरवी. म्हणजे आभाळ निळं आणि गवत हिरवं. माणूस जवळून दाखवला की मात्र त्याचं कपाळ निळं व्हायचं. आम्ही त्यालाच रंगीत टीव्ही म्हणायचो.

२ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’ लागलं तेव्हा काकूंचा टीव्ही दुरुस्तीला गेला होता. त्या दिवसापासून त्यांच्या घरच्या चपला आमच्या दाराशी निघू लागल्या. टीव्ही दुरुस्त होऊन आला तरी त्या यायच्या. सुरुवातीच्या नावांत संवादलेखक म्हणून राही मासूम रझा असं येई. अब्बा दर रविवारी तेवढ्यापुरतं मशीन थांबवायचे आणि ते नाव गेलं की पुन्हा पायटा मारायचे. मी लिहायला लागलो त्याचं बी कुठं पडलं असं कुणी विचारलं तर मला तो थांबलेला पायटा आठवतो.

नव्वदचं दशक आलं आणि सगळंच बदललं. केबल आली, झीसारख्या वाहिन्या आल्या. आमच्या टीव्हीच्या बटनाला वाहिन्यांचे जेमतेम बारा खटके. जुना टीव्ही द्या नवा घ्या, अशा योजना निघाल्या. भंगारवाला ज्याला हात लावणार नाही अशा पेटीचे दुकानदार हजार-दोन हजार धरू लागले. आमची पेटी अशीच गेली आणि रंगीत आली. तोवर आपाची नोकरी लागून काही वर्षं झाली होती आणि वरचे पैसे तिनंच भरले. मी तेव्हा बीए होऊन कविता करत होतो, म्हणजे काहीच कमवत नव्हतो.

असो. सोलापूरच्या दुकानात आपाची टेप बरोबर बत्तीस भरली. सपाट टीव्हीची काच कडेपर्यंत दिसते. पोरगं त्रेचाळीस इंचीचा आग्रह करू लागलं. त्याच्याकडं कारणही होतं. २०१९ पासून बत्तीस इंचापर्यंत अठरा टक्के जीएसटी आणि त्यावर अठ्ठावीस असा भेद होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. मोठा टीव्ही स्वस्त झाला होता, तरी आमच्या हिशेबाबाहेरच होता. शिवाय अम्मीचा पलंग भिंतीपासून सहा फुटांवर. घरी दूरदर्शनची फ्री डिश घ्यायची, तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या. मग फोर-केची काच घेऊन मोठ्या काचेत फिकट चित्र कशाला बघायचं?

आपानं एक वेगळीच परीक्षा घेतली. तीन टीव्हींवर बातम्या लावायला सांगितल्या, चित्राकडं पाठ केली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. पातळ टीव्हीत स्पीकरला जागा नसते, बहुधा तो खाली किंवा मागं तोंड करून असतो. जुन्या पेटीत तो समोर असायचा. अम्मीला आता कमी ऐकू येतं, हे माझ्या यादीत नव्हतं. ज्याचा शब्द स्वच्छ आला तो टीव्ही घेतला, अकरा हजार सहाशेला.

परतताना एसटीत खोकं मांडीवर आडवं धरून मी विचारलं, “ते आठवतं का तुला, मी म्हणालो होतो ते?”

“कुठलं? मास्तरीण होऊन काय दिवे लावणार ते?” आपा म्हणाली. “खोकं नीट धर. काच आहे.”

दुसऱ्या दिवशी फ्री डिशची छत्री लावायला मुलगा आला. छतावर १९८७ चा लोखंडी पाइप अजून उभा होता, अम्मीच्या वाळवणाची दोरी त्याला बांधलेली. त्यानं दोरी सोडली आणि त्याच पाइपावर छत्री बसवली. अम्मी खालून सांगत होती, “आलं. दिसतंय. आता हलवू नका.”