चेन ऑइलर (मोटारसायकलचा)

मोटारसायकल चालू असताना मागच्या स्प्रॉकेटवर थेंबाथेंबाने तेल सोडून चेनला वंगण पुरवणारी जोडयंत्रणा. तेलाची टाकी, प्रवाह कमी-जास्त करणारी झडप, बारीक नळी आणि स्प्रॉकेटजवळ आणलेले तिचे टोक हे तिचे मुख्य भाग. स्कॉटलंडच्या स्कॉटऑइलर कंपनीने १९८०च्या दशकापासून रूढ केलेल्या प्रकारात इंजिनाच्या इनटेकमधील निर्वातामुळे झडप उघडते. इंजिन चालू असेपर्यंत तेल गळत राहते. दुसऱ्या प्रकारात विजेवरचा पंप चाकाच्या फेऱ्यांवरून किंवा जीपीएसवरून अंतर मोजून तेल सोडतो. मुंबईच्या उपनगरांसाठी दुसरा प्रकार अधिक योग्य ठरतो.

याचे कारण चेनच्या झिजण्यात आहे. हान्स रेनोल्ड यांनी १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या रोलर चेनची मूळ रचना आजही टिकून आहे: पिन, पिनभोवती बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. चेन सैल पडते ती मुख्यतः बाजूच्या पट्ट्या ताणल्याने नव्हे, तर पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजल्याने. ही घासण चेन स्प्रॉकेटवर वाकते तेव्हाच होते, म्हणून वंगणाची गरज कापलेल्या अंतरावर ठरते. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर किंवा मुलुंड ते घाटकोपर एलबीएस मार्गावर संध्याकाळी इंजिन चालू असते, पण चाक थांबलेले असते. त्यातही इंजिन आयडलवर असताना इनटेकमधील निर्वात प्रबळ असल्यामुळे झडप उघडीच राहते. उभ्या स्प्रॉकेटवर पडलेले तेल दात्यांपर्यंत पोचत नाही. ते ओघळून रस्त्यावर किंवा रिमवर जाते. शिवाय बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींवर फ्यूल इंजेक्शन आले. अशा इनटेकला जोडलेली निर्वाताची नळी सैल पडली, तर जादा हवा शिरून आयडल बिघडते.

ओ-रिंगच्या चेनमध्ये ग्रीस आत बंदिस्त असते, मग बाहेरून तेल कशाला, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. आतल्या पिनला ते ग्रीस पुरते. रोलर, दाते आणि पट्ट्यांचा पृष्ठभाग मात्र उघडाच राहतो. जून ते सप्टेंबर या काळात सांताक्रूझला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हाताने मारलेला स्प्रे अशा पावसात लवकर धुऊन जातो आणि त्यानंतर गंज धरतो. तेलावर धूळ बसते ही तक्रारही रास्त आहे, पण ती मुख्यतः घट्ट, चिकट वंगणाला लागू होते. पातळ तेलाचा अल्प, सततचा पुरवठा चिखल काही प्रमाणात बाहेर फेकतो. अर्थात प्रवाह वाढवला की हा फायदा जातो. मुंबईत थंडीने तेल दाटण्याची अडचण फारशी नाही. प्रवाह बदलावा लागतो तो पावसासाठी.

बसवताना सर्वाधिक काळजी टायरची घ्यावी. नळीचे टोक स्प्रॉकेटच्या बाहेरच्या, टायरपासून दूरच्या अंगाला, खालून मागे येणारी चेन दात्यांवर चढते त्याच्या किंचित आधी असावे. तेथून केंद्रोत्सारी बलाने तेल दात्यांकडे सरकते. नळी स्विंगआर्मला बांधावी, सायलेन्सरपासून दूर ठेवावी आणि फ्रेम व स्विंगआर्म यांच्यामध्ये तिला सैलपणा ठेवावा, नाहीतर खड्ड्यात मागचे चाक वर उचलले जाताच ती ताणली जाते. सुरुवात सर्वांत कमी प्रवाहाने करावी आणि पहिल्या छोट्या फेरीनंतर टायरची कड तपासावी. तेथे तेल दिसल्यास ते पुसून, टोकाची जागा सुधारल्याशिवाय गाडी पुढे चालवू नये.

खर्चाचा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. स्प्लेंडरसारख्या, पूर्ण बंद चेन कव्हर असलेल्या गाडीवर ते साधे कव्हरच पाणी आणि धूळ बाहेर ठेवते. तेथे ऑइलरची गरज नाही. बोरिवलीहून अंधेरीला पावसाळाभर उघड्या चेनची गाडी चालवणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो. त्यालाही चेन साफ करणे आणि तिचा सैलपणा तपासणे चुकत नाही, कारण ऑइलर फक्त तेल देतो. झिजलेली कडी, एकाच जागी अडकणारा सांधा किंवा आकडीसारखे वळलेले दाते माणसाच्या नजरेनेच पकडावे लागतात.