काँग्रेस गवत नेमकं आलं कुठून?



काल पाऊस उघडला म्हणून बांधावरचं गाजर गवत उपटायला घेतलं. अण्णा लांबूनच ओरडले, "काँग्रेसला हात लावतोस, आधी हातमोजे घाल!" गेली कित्येक वर्षं या गवतानं त्यांची मान आणि कोपरं धरलीत. खाजवून कातडं पार जाड झालंय. डॉक्टर म्हणतात शेतात जाऊ नका. आता शेतकऱ्यानं जायचं कुठं?

अण्णांच्या पिढीत एकच गोष्ट सांगतात: अमेरिकेचा पीएल ४८० चा गहू आला, त्यातून हे बी आलं. काँग्रेसच्या राज्यात आलं म्हणून हे नाव. कुणी म्हणतं, पांढऱ्या फुलांवरून, टोप्यांसारखी दिसतात म्हणून.

पण तारखा बघा. हे गवत पुण्यात उकिरड्यांवर दिसलं १९५५ साली, आणि पीएल ४८० चा भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे करारावर सही व्हायच्या आधीच गडी हजर! अर्थात अमेरिकेचा गहू १९५१ च्या कर्जातही आला होता, त्यामुळं गहू अगदीच निर्दोष म्हणता येत नाही. त्यात कलकत्त्याच्या वनस्पती बागेच्या १८१४ च्या यादीतही याचं नाव आहे. मूळ मात्र मेक्सिकोकडचं, यात वाद नाही.

एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया, त्याही हलक्या. ट्रकच्या चाकाला चिकटतात, पाटाच्या पाण्यानं वाहतात. अण्णा सांगतात, आमच्या शिवारात ते पहिल्यांदा दिसलं रस्त्यावर मुरूम टाकला तिथं. मग उकिरड्यावर. उकिरड्यातून शेणखतात, आणि शेणखतातून थेट वावरात. मेक्सिकोहून कुणी का आणेना, शेवटचा मैलभर आपणच गाडीत भरून आणलंय. हे अण्णांना सांगितलं तर ते गप्प बसले.

१९८४ च्या सुमारास बंगळूरकडं मेक्सिकन भुंगे सोडले. आपल्याकडंही पावसाळ्यात दिसतात, पानं चाळण करतात. पण पाऊस सरला की ते मातीत दडून बसतात आणि गवत पुन्हा डोकं काढतं. तरी भुंगे दिसले तर त्या पट्ट्यात तणनाशक मारू नका.

माझा अर्धा बांध झालाय. जमीन ओली आहे तोवर मुळासकट येतंय. फुलावर आलेलं उकिरड्यावर टाकलं नाही, वेगळा खड्डा घेतलाय. उरलेलं उद्या सकाळी. अण्णांना घरीच ठेवणार आहे, ऐकले तर.