टेक्सासची पोरं, ओक्लाहोमाचे हिरो

दर ऑक्टोबरमध्ये डॅलसला ओक्लाहोमा आणि टेक्सास या विद्यापीठांची अमेरिकन फुटबॉलची मॅच होते. राज्यं शेजारी, त्या दिवशी मात्र पक्की वैरी. पण गंमत बघा, ओक्लाहोमाचे कित्येक हिरो टेक्सासचेच! तिथे शाळाशाळांत फुटबॉल, म्हणून कोच रेड रिव्हर ओलांडून स्कॉलरशिप घेऊन पोरांच्या घरी जायचे. हुक्स गावचा बिली सिम्स असाच आला आणि १९७८ मध्ये सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइजमन ट्रॉफी मिळवली. ॲबिलीनच्या शाळेतला क्वार्टरबॅक जॅक मिल्ड्रेन तर १९९१ मध्ये ओक्लाहोमाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. टेक्सासच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनीच टेक्सासच्या पोराला निवडून दिलं!

मी कोल्हापूरचा, कोड लिहितो बेंगळुरूत. ‘बाहेरचा’ हा शब्द कानावर पडला की मला मिल्ड्रेन आठवतो.