भिंतीवरील तक्ता ते मोबाईल अ‍ॅप : सॉफ्टवेअर प्रकल्पांवरील देखरेखीचा इतिहास

सॉफ्टवेअर निर्मितीच्या प्रकल्पावर मोबाईल अ‍ॅपद्वारे देखरेख ठेवणे ही आज नित्याची बाब झाली आहे. कोणते काम कोणाकडे आहे, कितपत झाले, मुदत केव्हा संपते, हे प्रकल्पप्रमुखास हातातील पडद्यावर दिसते. प्रस्तुत लेखात या साधनाची पूर्वपीठिका तपासली असून, साधने बदलली तरी मोजमापाची मूळ अडचण कायम राहिली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

हेन्री गँट यांचे 1910 च्या दशकातील तक्ते कारखान्यातील कामाच्या नियोजनातून आले, तर 'पर्ट' हे तंत्र अमेरिकन नौदलाने 1958 मध्ये पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी विकसित केले. तेथे वस्तू डोळ्यांना दिसते. प्रोग्रॅम किती झाला हे मात्र बहुधा तो लिहिणाऱ्याच्या सांगण्यावरूनच कळते.

आयबीएमच्या ओएस/360 या प्रणालीचे काम 1960 च्या दशकात बरेच लांबले. त्याचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' (1975) या ग्रंथात मनुष्य-महिना या एककावरच आक्षेप घेतला. लांबलेल्या कामात माणसे वाढविली, तर नव्यांना शिकविण्यात आणि आपसांतील संपर्कात वेळ जाऊन काम अधिकच लांबते, असे त्यांचे मत होते. प्रोग्रॅम लिहिण्याचे काम निम्मा काळ 'नव्वद टक्के पूर्ण' असते, हे त्यांचे निरीक्षण तर आजही पटते. (नॅकसाठी अहवाल लिहिणाऱ्या अध्यापकांस हा आकडा अपरिचित नसावा.)

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा जणांनी 'अजाइल' जाहीरनामा मांडला. प्रत्यक्ष चालणारे सॉफ्टवेअर हाच प्रगतीचा पुरावा मानावा, असा त्यांचा आग्रह होता. व्यवहारात मात्र नोंदी कमी झाल्या नाहीत. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅटलासियन कंपनीचे 'जिरा' (2002) मुळात दोषनोंदीसाठी होते. पुढे संपूर्ण प्रकल्पाची देखरेख त्यावरून होऊ लागली. 2008 मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाले. 2011 मधील 'ट्रेलो'ने टोयोटाच्या कानबान पद्धतीतील चिठ्ठ्यांचा फलक संगणकावर आणि फोनवर आणला.

या फलकावरील चिठ्ठी 'पूर्ण' या रकान्यात सरकविणारा हात बहुतांशी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचाच असतो. त्याचे सांगणे आता तारीख-वेळेसह नोंदले जाते, एवढेच. पूर्वी आठवड्याच्या बैठकीत होणारी विचारणा आता तो घरी गेल्यावरही त्याच्या फोनवर येऊन पोहोचते.